डॉक्समधले व्हर्जन नंबर जुळते कसे ठेवायचे: शोधण्यापासून रिलीजनंतरच्या तपासणीपर्यंत

रिलीजच्या दिवशी संध्याकाळी मी आमच्या सॉफ्टवेअरच्या डॉक्सचं (म्हणजे ते कसं वापरायचं ते सांगणाऱ्या पानांचं) फोल्डर एडिटरमध्ये उघडलं, फाइंडमध्ये २.३ टाकलं, रिप्लेसमध्ये २.४ टाकलं आणि 'सगळे बदला' दाबलं. बिल्ड (म्हणजे त्या फायलींतून साइट तयार होणं) नीट झालं, साइट वर गेली, काम संपलं असं वाटलं. दोन आठवड्यांनी एका वापरणाऱ्याचा मेसेज आला की माझ्याकडे २.३ आहे, त्यात एक्स्पोर्टची सोय व्यवस्थित चालतेय, पण तुमच्या पानावर लिहिलंय की ती २.४ मध्ये आली, मग माझ्याकडे नक्की काय आहे? तेव्हा मी पहिल्यांदा तो अख्खा डिफ, म्हणजे काय काय बदललं त्याची यादी, ओळ न् ओळ वाचला. 'ही सोय २.३ पासून आहे' अशा सगळ्या ओळी २.४ झाल्या होत्या. चेंजलॉगमध्ये (कुठल्या रिलीजमध्ये काय बदललं त्या नोंदींत) २.४ नावाची दोन शीर्षकं होती, त्यातलं खालचं खरं तर २.३ चं. नेटवर्कच्या उदाहरणातला १०.२.३.१५ हा आयपी पत्ता १०.२.४.१५ झाला होता, आणि एका लायब्ररीचा १२.३ हा नंबर १२.४ झाला होता, कारण १२.३ च्या पोटात २.३ आहेच.

तेव्हापासून मी हे काम एकाच गोष्टीपासून सुरू करते. डॉक्समधले काही नंबर प्रत्येक रिलीजला पुढे सरकायला हवेत आणि काहींना कधीच हात लागता कामा नये. कुठला नंबर कुठल्या जातीचा हे आधी ठरवलं नाही तर कितीही चांगलं टूल लावा, ते माझ्या त्या फाइंड-रिप्लेससारखंच वागणार, फक्त जास्त वेगात.

पायरी १: सगळे नंबर शोधून काढा

गिट ग्रेप घ्या (गिट म्हणजे फायलींमधले बदल नोंदवून ठेवणारं टूल, ग्रेप ही त्याची मजकूर शोधायची कमांड) आणि 'आकडा, टिंब, आकडा' असा पॅटर्न सगळ्या रिपॉझिटरीवर, म्हणजे प्रोजेक्टच्या अख्ख्या फोल्डरवर, चालवा, फक्त डॉक्सच्या फोल्डरवर नाही. पॅटर्नमधल्या टिंबाच्या आधी बॅकस्लॅश द्यायला विसरू नका, नाहीतर टिंबाचा अर्थ 'कुठलंही अक्षर' असा होतो आणि तारखा, पोर्ट नंबर, वाट्टेल ते सापडत बसतं.

बहुतेक लोक रीडमी (प्रोजेक्टची ओळख करून देणारी फाइल) आणि इन्स्टॉलेशनचं पान बघून थांबतात, पण नंबर लपून बसतात ते दुसरीकडेच. डॉकरच्या (सॉफ्टवेअर इमेज नावाच्या तयार पेटीत देणाऱ्या टूलच्या) कमांडमध्ये इमेजच्या नावापुढचा टॅग, टूलच्या हेल्पमध्ये छापलेला मजकूर, मॅन पेज (टर्मिनलमधलं मदतीचं पान), पीडीएफचं मुखपृष्ठ, साइटचा फूटर, बग नोंदवायच्या फॉर्ममधली 'तुम्ही कुठलं व्हर्जन वापरता' ही यादी, सीआयच्या (बदल झाला की आपोआप टेस्ट चालवणाऱ्या यंत्रणेच्या) फायली आणि उदाहरणांच्या फोल्डरमधली छोटी छोटी प्रोजेक्टं. उदाहरणांचं फोल्डर तर मी आधी उघडते, कारण लोक तिथूनच कॉपी करतात आणि तिथे डिपेंडन्सीच्या (लागणाऱ्या लायब्ररींच्या) यादीत हमखास दोन-तीन रिलीज मागचा नंबर सापडतो.

स्क्रीनशॉटमधले नंबर ग्रेपला दिसत नाहीत, त्यामुळे ते डोळ्यांनीच बघावे लागतात. माझा सल्ला असा की पुढच्या वेळी स्क्रीनशॉट काढताना व्हर्जन दिसतं तो कोपरा कापूनच टाका, अर्थात त्या चित्राचा विषयच तो कोपरा नसेल तर.

आणखी एक जागा मला बऱ्याच उशिरा कळली. डॉक्सचं भाषांतर असेल आणि भाषांतर करणाऱ्याने अंक देवनागरीत लिहिले असतील तर इंग्रजी अंकांवर चालवलेल्या ग्रेपला ते सापडतच नाहीत, म्हणजे मूळ पान २.५ वर जातं आणि मराठी पान निवांत २.३ सांगत बसतं. शोधताना दोन्ही अंक घ्या, किंवा मग नियम करा की व्हर्जन नंबर आणि कमांड सगळ्या भाषांत इंग्रजी अंकांतच राहतील. मला दुसरा मार्ग जास्त पटतो, कारण कमांड शेवटी टर्मिनलमध्ये पेस्ट होते आणि तिथे देवनागरी अंक चालत नाहीत.

जे सापडेल ते एका साध्या शीटमध्ये टाका: फाइल, ओळ, नंबर आणि शेवटी एक रिकामा कॉलम. तो रिकामा कॉलम पुढच्या पायरीसाठी.

पायरी २: प्रत्येक नंबरची जात ठरवा

इथे घाई करू नका, सगळं काम इथेच आहे. एक इन्स्टॉलेशनचं पान डोळ्यांसमोर आणा, त्यात या सहा ओळी आहेत:

'२.४.१ डाउनलोड करा.'
'पायथन ३.९ किंवा त्यापुढचं लागेल.'
'एक्स्पोर्टची सोय २.३ पासून आहे.'
'२.२ वरून येत असाल तर आधी डेटाबेस मायग्रेट करा.'
'कॉन्फिग फायलीत फॉरमॅट व्हर्जन ३ लिहा.'
'कमांड चालवल्यावर असं दिसेल: टूल २.१.०.'

सहा ओळी, सहा नंबर, आणि २.५.० रिलीज होईल तेव्हा प्रत्येकाचं काय करायचं याचं उत्तर वेगळं.

पहिली ओळ 'चालू' जातीची, ती प्रत्येक रिलीजला बदलते. तिसरी 'गोठलेली', ती घडून गेलेली गोष्ट सांगते, ती बदलली तर खोटी होते. चौथीसुद्धा गोठलेलीच, पण तिला एक शेवट आहे, म्हणजे २.२ ला सपोर्ट द्यायचं बंद केलं की ती ओळ काढून टाकायची किंवा जुन्या अपग्रेडच्या पानावर हलवायची. दुसरी ओळ म्हणजे 'अट', ती आपल्या रिलीजवर चालत नाही, आपण खरंच ३.९ चा सपोर्ट सोडला तरच बदलते, आणि तिचा खरा उगम पॅकेजच्या फायलीत (जिथे प्रोजेक्टचं नाव, नंबर आणि गरजा लिहिलेल्या असतात) आणि सीआयमध्ये कुठल्या पायथनवर टेस्ट चालतात त्या यादीत असतो. पाचवी ओळ 'परकी': फाइल फॉरमॅटचा, एपीआयचा (दुसरे प्रोग्राम ज्यातून आपल्याशी बोलतात त्याचा) किंवा स्कीमाचा (डेटाच्या रचनेचा) नंबर स्वतःच्या चालीने चालतो, आणि प्रॉडक्ट ३.० वर गेलं की एपीआयच्या पत्त्यातला व्ही२ पण व्ही३ करायचा असं कुणीतरी ठरवतं आणि ते भलतंच महागात पडतं, म्हणून परक्या नंबरांना शीटमध्ये वेगळा रंग द्या.

सहावी ओळ फसवी आहे. ती दिसते चालू जातीची, पण टूलचं आउटपुट कुणीतरी कधीतरी कॉपी करून पेस्ट केलेलं असतं. नुसता नंबर २.५.० केला तर नंबर नवा आणि खालचं आउटपुट जुन्या रिलीजचं अशी खिचडी होते. असं आउटपुट एकतर बिल्डच्या वेळी खरी कमांड चालवून तयार करायचं, नाहीतर नंबरच काढून टाकायचा. वाचणाऱ्याला बहुतेक वेळा त्या नंबरची गरज नसते, आउटपुट कसं दिसतं एवढंच हवं असतं.

शीट भरताना जे नंबर कुठल्याच जातीत बसत नाहीत त्यांच्याबद्दल विचारा की हा नंबर इथे नसता तर वाचणाऱ्याचं काही अडलं असतं का? नसेल अडत तर उडवा. माझा अनुभव असा की या पायरीत बरेच नंबर असेच निघून जातात, आणि जो नंबर पानावर नाहीच तो कधी शिळा होत नाही.

पायरी ३: लिहायची पद्धत एकदाच ठरवा

सेमँटिक व्हर्जनिंगच्या (थोडक्यात सेमव्हरच्या) २.० नियमांत नंबर तीन भागांचा असतो, मेजर, मायनर, पॅच, म्हणजे मोठा बदल, छोटी भर आणि दुरुस्ती, आणि पुढे 'व्ही' लावलेला नंबर हा त्या नियमांप्रमाणे व्हर्जन नंबर नाही, तो फक्त गिटच्या टॅगचं, म्हणजे रिलीजला लावलेल्या खुणेचं, नाव असू शकतो. म्हणून मी असं ठरवते की टॅगमध्ये व्ही, मजकुरात व्ही नाही. तुम्ही उलट ठरवलं तरी हरकत नाही, फक्त ठरवा आणि लिहून ठेवा.

दोन भाग की तीन भाग हेही ठरवायला लागतं. '२.४' म्हणजे अख्खी २.४ ची मालिका आणि '२.४.०' म्हणजे नेमकं ते एक रिलीज, असा फरक धरला तर 'सोय २.४ मध्ये आली' आणि 'हा बग २.४.२ मध्ये गेला' या दोन्ही ओळी आपापल्या जागी बरोबर बसतात. मागचा शून्य उडवायचा नाही आणि आधीचा शून्य पण उडवायचा नाही. उबुंटूचे नंबर वर्ष आणि महिन्यावरून असतात, २४.०४ म्हणजे २०२४ चा एप्रिल, ते २४.४ लिहिलं तर शोधणाऱ्याला काही सापडणार नाही. दुसऱ्याच्या प्रॉडक्टचा नंबर तो प्रॉडक्ट लिहितो तसाच लिहायचा, आणि त्याचा अर्थही तिथलाच धरायचा. पोस्टग्रेस या डेटाबेसचं बघा, ९.५ वरून ९.६ हे मोठं अपग्रेड होतं, पण २०१७ साली १० आल्यापासून पहिलाच आकडा मेजर झाला, त्यामुळे १०.१ वरून १०.२ हे किरकोळ. जावा ८ स्वतःची ओळख १.८ अशी छापायचं आणि ९ पासून सरळ ९. अशा ठिकाणी डॉक्समध्ये एकदा तरी सांगून टाकावं की कमांड १.८ दाखवत असेल तर तेच जावा ८.

आता शब्द. 'पायथन ३.९ च्या वर' म्हणजे ३.९ चालेल की नाही? '२.४ पर्यंत सपोर्ट आहे' यात २.४ धरलंय की नाही? दोघांना विचारलं तर दोन उत्तरं मिळतात. त्यामुळे 'च्या वर', 'नंतर', 'च्या आधी', 'पर्यंत' हे शब्द नंबरांसोबत वापरायचेच नाहीत, त्याऐवजी '३.९ किंवा त्यापुढचं', '२.४ धरून त्यामागची सगळी' असं लिहायचं. थोडं लांब होतं पण कुणी अडकत नाही. 'सध्याचं व्हर्जन', 'नव्या व्हर्जनमध्ये', 'लवकरच येतंय' हे तर नंबर न लिहिता नंबर शिळा करणारे शब्द, पान तीन वर्षांनी उघडणाऱ्याला 'नव्या' म्हणजे कुठल्या ते काय कळणार.

पायरी ४: चालू नंबराचा एकच उगम ठेवा

चालू जातीचा नंबर हाताने फक्त एका जागी लिहिला जावा आणि बाकी सगळ्यांनी तिथून उचलावा. ती जागा कुठली, तर एकतर पॅकेजची फाइल किंवा गिटचा टॅग. दोन्ही हाताने लिहायला लागलात की एक दिवस ते वेगळे होणार हे नक्की. जावास्क्रिप्टच्या एनपीएमची व्हर्जन कमांड पॅकेजच्या फायलीतला नंबर वाढवते, कमिट करते (बदल गिटमध्ये नोंदवते) आणि टॅगही टाकते, म्हणजे दोन्ही एकाच दमात होतं. पायथनमध्ये सेटअपटूल्स-एससीएम हे टूल उलट दिशेने जातं, टॅग हाच उगम आणि पॅकेजला नंबर त्यावरून मिळतो.

डॉक्सच्या बाजूला स्फिंक्स या डॉक्सची साइट बनवणाऱ्या टूलमध्ये कॉन्फिग फायलीत दोन नावं असतात, व्हर्जन म्हणजे छोटा नंबर आणि रिलीज म्हणजे पूर्ण. लोक तिथे नंबर हाताने टाइप करतात, तसं न करता इन्स्टॉल झालेल्या पॅकेजच्या मेटाडेटामधून वाचून घ्या आणि मजकुरात दोन उभ्या रेघांच्या मधे ते नाव लिहा, बिल्ड करताना नंबर आपोआप बसतो. डॉक्स लिहायचे तसेच दुसरे पर्याय आहेत, आस्कीडॉकमध्ये यासाठी अॅट्रिब्यूट असतात, एमकेडॉक्समध्ये मॅक्रोज नावाचं प्लगिन आहे.

आता इथला खड्डा. वाचणारा जे कॉपी करणार ते कोड ब्लॉकमध्ये असतं, आणि नेमकं तिथेच हे व्हेरिएबल, म्हणजे बिल्डच्या वेळी नंबराने भरली जाणारी ही नावं, चालत नाहीत. स्फिंक्सच्या नेहमीच्या कोड ब्लॉकमध्ये ते नाव रेघांसकट जसंच्या तसं छापलं जातं, तिथे पार्स्ड-लिटरल हा वेगळा ब्लॉक वापरावा लागतो. आस्कीडॉकमध्ये त्या ब्लॉकवर अॅट्रिब्यूटची अदलाबदल मुद्दाम चालू करावी लागते. त्यामुळे व्हेरिएबल लावल्यावर बिल्ड झालेलं पान ब्राउझरमध्ये उघडा आणि प्रत्येक कोड ब्लॉक बघा, सोर्स फाइल बघून समाधान मानू नका. रीडमीचं तर वेगळंच, गिटहब (कोड ठेवायची साइट) ती फाइल जशी आहे तशी दाखवतं, व्हेरिएबल वगैरे काही भरत नाही. तिथे मी नंबर लिहायचाच टाळते आणि रिलीजच्या पानाची शेवटी 'लेटेस्ट' असलेली लिंक देते, ती गिटहब स्वतःच ताज्या रिलीजकडे वळवतं.

दुसरा खड्डा याम्लचा, म्हणजे बऱ्याच कॉन्फिग आणि सीआयच्या फायली ज्या फॉरमॅटमध्ये लिहितात त्याचा. याम्लमध्ये ३.१० असं अवतरणाशिवाय लिहिलं तर तो दशांश अपूर्णांक समजला जातो, आणि ३.१० म्हणजे ३.१ च. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये पायथन ३.१० आलं तेव्हा कित्येकांच्या सीआयने ३.१ शोधायला सुरुवात केली ती याचमुळे. तुमचं प्रॉडक्ट २.९ वर असताना सगळं सुरळीत चालतं आणि २.१० झालं की साइटवर २.१ दिसायला लागतं, तेव्हा याम्लमधला प्रत्येक व्हर्जन नंबर अवतरणात टाका, आजच टाका. याच घराण्यातली चूक म्हणजे यादी लावताना नंबर अक्षरांसारखे लावणं, त्यात २.१० हा २.९ च्या आधी येतो आणि व्हर्जन निवडायच्या मेन्यूत 'सगळ्यात नवं' म्हणून २.९ मिरवत बसतं. टर्मिनलमध्ये ग्नू सॉर्ट या यादी लावणाऱ्या कमांडला व्हर्जनप्रमाणे लावायचा कॅपिटल व्ही हा पर्याय आहे, आणि कोडमध्ये तुमच्या भाषेतली व्हर्जनची लायब्ररी वापरा, स्वतः टिंबावर तोडून तुलना करत बसू नका, प्री-रिलीजचे (खऱ्या रिलीजआधीच्या चाचणीच्या व्हर्जनचे) नंबर आले की ते कोसळतं.

पायरी ५: जिथे व्हेरिएबल चालत नाही तिथे बंपिंगचं (नंबर वाढवणारं) टूल

काही जागा उरतातच, उदाहरणांमधल्या डिपेंडन्सी, डॉकरच्या कमांड, मॅन पेज. त्यांच्यासाठी बंप-माय-व्हर्जनसारखं टूल लावा. जुन्या लेखांत बंप२व्हर्जनचं नाव दिसेल पण त्याची देखभाल थांबलीय. या टूलच्या कॉन्फिगमध्ये तुम्ही फायलींची यादी देता आणि प्रत्येक फायलीत नेमका कुठला मजकूर शोधायचा तेही सांगता. इथे नुसता नंबर देऊ नका, आजूबाजूचे शब्द द्या, 'इमेजचं नाव, कोलन, नंबर' असा अख्खा तुकडा, म्हणजे शेजारची गोठलेली ओळ सुरक्षित राहते. आणि तो मजकूर सापडला नाही तर टूल चूक दाखवून थांबतं, ही फार मोलाची गोष्ट आहे, कारण कुणीतरी पानाची रचना बदलली आणि नंबर वाढायचा राहून गेला हे रिलीजच्या आधीच कळतं.

गिटहबवर रिलीज-प्लीज हे रिलीज तयार करणारं टूल वापरत असाल तर त्यात ज्या ओळीतला नंबर सरकायला हवा त्या ओळीत खुणेची एक कमेंट टाकायची सोय आहे. मला ही पद्धत जास्त आवडते, कारण ओळ वाचणाऱ्या पुढच्या माणसाला तिथल्या तिथे दिसतं की हा चालू जातीचा नंबर आहे, कॉन्फिग उघडून बघावी लागत नाही.

पायरी ६: 'कधीपासून' चा नंबर लिहिताना घाई नको

नवी सोय लिहिणारा डेव्हलपर पुल रिक्वेस्टमध्येच (कोड तपासून सामील करून घ्यायच्या विनंतीतच) डॉक्स लिहितो हे उत्तमच, पण त्या वेळी ती कुठल्या रिलीजमध्ये जाणार हे त्याला माहीत नसतं. तो '२.५ पासून' लिहितो, रिव्ह्यू लांबतो, सोय २.६ मध्ये जाते, आणि गोठलेल्या जातीचा नंबर जन्मापासूनच चुकीचा. हे नंतर कुणी शोधत नाही, कारण तो दिसायला अगदी बरोबर दिसतो.

यावर उपाय म्हणजे नंबराऐवजी जागा राखून ठेवणारा शब्द. पायथनच्या स्वतःच्या डॉक्समध्ये आता हेच करतात, 'व्हर्जनअॅडेड' (सोय कधीपासून आहे ते सांगणारी खूण) च्या पुढे नंबर न लिहिता 'नेक्स्ट' लिहायचं आणि रिलीजच्या वेळी स्क्रिप्ट तिथे खरा नंबर भरते. आपल्याकडे अशी स्क्रिप्ट लिहायला फार तर अर्धा तास लागेल. शब्द मात्र असा निवडा की तो एरवीच्या मजकुरात येणार नाही. चेंजलॉगमध्येही तसंच, वर 'अनरिलीज्ड' असं शीर्षक ठेवायचं, सगळे बदल त्याखाली गोळा करायचे आणि रिलीज होताना त्या शीर्षकाला नंबर आणि तारीख द्यायची, तारीख वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने म्हणजे कुणाचा गोंधळ नको.

पायरी ७: तपासणी मशीनकडे सोपवा

माणसाने लक्षात ठेवायचं हा बंदोबस्त टिकत नाही. सीआयमध्ये एक छोटी तपासणी टाका: टॅगमधला नंबर, पॅकेजचा नंबर, डॉक्सच्या कॉन्फिगमधला नंबर आणि चेंजलॉगचं सगळ्यात वरचं नंबरवालं शीर्षक, चारही जुळले तर पुढे, नाहीतर रिलीज अडवा. तुलना करण्याआधी टॅगचा 'व्ही' काढून टाका. प्री-रिलीज असेल तर आणखी एक गोष्ट सांभाळा, सेमव्हरमध्ये २.५.०-आरसी.१ लिहितात आणि पायथनच्या पॅकेजमध्ये तेच २.५.०आरसी१ होतं, दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, त्यामुळे अक्षरशः तुलना न करता दोन्ही एका रूपात आणून मग तुलना करा.

दुसरी तपासणी शिळ्या नंबरांची. मागच्या रिलीजचा नंबर चालू जातीच्या पानांत कुठे उरलाय का ते बघायचं, आणि गोठलेल्या ओळी वगळायच्या. 'पासून', 'मध्ये आलं', 'वरून अपग्रेड' असे शब्द असलेल्या ओळी आणि चेंजलॉगची अख्खी फाइल सोडून द्या. सुरुवातीला ही तपासणी फक्त इशारा देईल अशी ठेवा, खोटे इशारे निपटून काढा आणि मग ती अडवणारी करा. पहिल्याच दिवशी पन्नास खोट्या चुका दाखवल्या तर टीम ती बंद करून टाकेल आणि परत चालू करायला कुणी तयार होणार नाही.

'नेक्स्ट' किंवा तुमचा जो शब्द असेल तो रिलीजच्या ब्रँचवर (रिलीजसाठी काढलेल्या कोडच्या शाखेवर) उरला असेल तरी अडवा.

पायरी ८: एकापेक्षा जास्त व्हर्जनचे डॉक्स

जुनी व्हर्जन वापरणारे लोक असतील तर त्यांचे डॉक्सही राहायला हवेत. पण प्रत्येक पॅचसाठी वेगळा संच नको, २.४ चा एक संच पुरतो, २.४.१ आणि २.४.२ त्यातच. डॉक्युसॉरस या डॉक्सच्या टूलमध्ये व्हर्जन कापलं, म्हणजे वेगळं काढलं, की डॉक्सच्या अख्ख्या फोल्डरची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये जाते, म्हणजे पाच व्हर्जन ठेवली तर एक चूक पाच जागी सुधारायची. किती व्हर्जन सांभाळायची ते आधी ठरवा, आणि ते सपोर्टच्या धोरणाशी जुळू द्या.

नावांचा घोळ इथे मोठा आहे. रीड द डॉक्स या डॉक्स ठेवायच्या साइटवर 'लेटेस्ट' म्हणजे मुख्य ब्रँच, ज्यात अजून रिलीज न झालेल्या गोष्टीही असतात, आणि 'स्टेबल' म्हणजे टॅगप्रमाणे सगळ्यात वरचं रिलीज. वाचणाऱ्याला मात्र 'लेटेस्ट' म्हणजे आत्ताचं ताजं रिलीज वाटतं, तो त्या पानावरचा पर्याय वापरतो आणि त्याच्याकडे तो नसतोच. म्हणून साइटवर आल्याआल्या 'स्टेबल' उघडेल असं करा आणि मुख्य ब्रँचच्या प्रत्येक पानावर 'हे अजून रिलीज झालेलं नाही' अशी पट्टी लावा. डॉकरचा 'लेटेस्ट' हा टॅगही नावासारखा वागेलच असं नाही, टॅग दिला नाही तर धरायचं ते नाव एवढाच त्याचा अर्थ, तो ताज्या रिलीजवर ठेवणं हे प्रकाशित करणाऱ्याच्या हातात. डॉक्समधल्या कमांडमध्ये नेमका नंबर द्या.

जुन्या पानांवर 'तुम्ही २.२ चे डॉक्स वाचताय, स्टेबल इथे आहे' अशी पट्टी हवी आणि ती त्याच विषयाच्या नव्या पानाकडे नेणारी हवी, मुख्यपृष्ठाकडे नाही. पानाच्या हेडमध्ये कॅनॉनिकल लिंक (मुख्य पान कुठलं ते सांगणारी) स्टेबलची द्या, म्हणजे सर्च इंजिनला कुठलं पान पुढे करायचं याचा इशारा मिळतो.

प्रॉडक्टचे बरेच तुकडे असतील, सर्व्हर वेगळा, क्लायंट वेगळा, प्लगिन वेगळं, तर प्रत्येकाचा नंबर वेगळा पळतो आणि मग 'कुठल्यासोबत कुठलं चालतं' असा तक्ता लागतो. अँग्युलर या वेब फ्रेमवर्कने २०१७ मध्ये ३ हा नंबरच ओलांडला आणि २ वरून सरळ ४ वर गेले, कारण त्यांचं राउटरचं पॅकेज आधीच ३ च्या मालिकेत पोचलेलं होतं आणि सगळी पॅकेजेस एका नंबरवर आणायची होती. जमत असेल तर तुम्हीही तुकड्यांना एकच नंबर द्या. नसेल जमत तर तक्ता एकाच पानावर ठेवा आणि बाकी सगळ्या पानांवरून त्याची लिंक द्या, प्रत्येक पानावर जोड्या लिहीत बसलात की दोन रिलीजनंतर त्या एकमेकांशी भांडायला लागतात.

रिलीजचा दिवस

क्रम महत्त्वाचा आहे. आधी नंबर वाढवा, राखीव शब्द भरा, डॉक्स बिल्ड करून बघा, मग टॅग, मग पॅकेज प्रकाशित, आणि पॅकेज खरंच डाउनलोड होतंय हे बघून मगच डॉक्स वर चढवा. डॉक्स आधी गेले तर मधल्या वेळात येणारा माणूस २.५.० ची कमांड पेस्ट करतो, त्याला 'असं व्हर्जन नाही' असं उत्तर मिळतं, आणि चूक आपलीच असेल असं समजून तो तासभर स्वतःचं मशीन तपासत बसतो.

सगळं वर गेल्यावर एका रिकाम्या कंटेनरमध्ये (डॉकरने उभ्या केलेल्या कोऱ्या मशीनसारख्या जागेत) इन्स्टॉलेशनचं पान वरपासून खालपर्यंत जसंच्या तसं कॉपी-पेस्ट करत चालवा, हातात आलेलं व्हर्जन छापून बघा आणि पानावरच्या नंबराशी ताडून बघा. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे, कितीही उशीर झालेला असला तरी मी हे सोडत नाही.

कधी कधी २.५.० मध्ये मोठा बग निघतो आणि ते मागे घ्यावं लागतं. त्याच नंबरखाली दुरुस्त केलेली फाइल परत टाकायची नाही, सेमव्हरचा नियमच आहे की एकदा रिलीज केलेल्या नंबराचा मजकूर बदलायचा नाही, त्यामुळे २.५.१ काढायचं. चेंजलॉगमधून २.५.० ची नोंद पुसू नका, शीर्षकाशेजारी 'मागे घेतलं' असं लिहा आणि का ते एका ओळीत सांगा, कारण ते काहींनी आधीच इन्स्टॉल केलेलं असतं आणि ते लोक तो नंबर शोधत येणार. आणि 'ही सोय २.५.० पासून' अशा ज्या गोठलेल्या ओळी होत्या तेवढ्याच, एरवी ज्यांना हात लावायचा नाही असं मी म्हटलं त्याच, या वेळी हाताने एकेक उघडून २.५.१ करा, कारण २.५.० आता नव्याने कुणाला मिळणारच नाहीये.